काखा वर

काळे वाटाणे कोरड्या टोपात ओतले की खड्यांसारखे वाजतात. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की देवगडजवळच्या आमच्या जामसंड्यात संध्याकाळी हा आवाज कुठून ना कुठून येतो, आणि उद्या कुणाकडे म्हाळ आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. इतर गावांत श्राद्ध म्हटलं की माणसं आवाज खाली करतात. आमच्याकडे म्हाळ म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. वडे, वाटाण्याचं सांबारं, अळू, भोपळा, तांदळाची खीर. मेलेल्यांचं निमित्त करून जिवंतांनी जेवायचं, आणि तेही केळीच्या पानावर.

वर्षभर ज्याला दगड मारून हाकलतात, त्या कावळ्याला या दिवसांत चांगले निवृत्त मुख्याध्यापक हात जोडून ‘का, का’ अशी हाक घालताना दिसतात. पहिल्या दिवशी कावळा झडप घालतो. पंधरवडा सरत आला की त्याला अजीर्ण झालेलं असतं. मग तो कौलाच्या टोकावर बसून खालच्या खिरीकडे असा बघतो, जसा एका दिवसात चौथ्या लग्नाला आलेला पाहुणा जिलबीकडे बघतो. खाली घरचे लोक भुकेले ताटकळत असतात. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, हा नियम. तो मोडायची हिंमत माझ्या वडिलांच्यात नव्हती. ते कावळ्याला वैतागून एवढंच म्हणायचे, ‘अरे, नाटका करू नको, खा.’

यंदाही तसंच आहे. सड्यावरचा, म्हणजे गावामागच्या पठारावरचा, कातळ तेरड्याने झाकून गेला आहे, भात पोटरीला आलं आहे, आणि जाता जाता पाऊस एखादी सर टाकून उन्हाला धार लावून जातो. मी कणकवलीहून घरी आले आहे. आणि शेजारच्या घरातून वाटाणे वाजले की मला एका वर्षीचा पितृपक्ष आठवतो. खरं तर एका ब्लाउजची काख आठवते. पण ते पुढे.

आमचा एक छोटा गट आहे. मूठभर माणसं, बरीचशी माझ्यासारखी तिशीच्या अलीकडची. कणकवलीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो आणि पत्रकं काढतो. बुवाबाजीविरुद्ध, भुताळीचे आळ घेण्याविरुद्ध, देवाच्या नावावर माणसं वाळीत टाकण्याविरुद्ध. पत्रकं मी लिहिते. पत्रकाचं शास्त्र सोपं आहे. वर प्रश्न, मध्ये राग, तळाला ठळक अक्षरांत ‘विचार करा’. राग एका पानात मावला पाहिजे. दुसरं पान कुणी वाचत नाही.

त्या वर्षी विषय ठरला श्राद्धाचा. जुन्या स्मृतींची आणि धर्मशास्त्रावरच्या ग्रंथांची मराठी भाषांतरं मिळवून मी त्यातल्या श्राद्धाच्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढल्या. पत्रकाचं नावही आधीच ठरलं होतं: ‘तुम्ही पंगतीला चालता का?’ तो गठ्ठा घेऊन मी सुमनमावशीकडे राहायला गेले, कारण आमच्या घरी वडील अशी पत्रकं लिहू देत नाहीत आणि मावशी काहीही लिहू देते.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. जामसंड्याच्या बाहेर, सडा जिथून सुरू होतो तिथे तिचं घर. तिचे यजमान, आमचे काका, जन्मभर मालवाहू बोटीवर होते. कित्येक महिने नुसता फोन, तोही मध्येच तुटणारा, आणि मग एक दिवस साइन-ऑफ होऊन बॅग खांद्यावर टाकून माणूस दारात उभा. मुंबईत उतरायचे, पण तिथे भावाच्या मुलाकडे एक रात्र काढायचे नाहीत. मिळेल ती गाडी धरून इथे. कुठल्याही वेळी आले तरी मावशीने वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. तिच्या घरात वाटाणे कायम भिजलेले असायचे. माणूस कधी उतरेल ते सांगता येत नसे, आणि वाटाण्याला भिजायला रात्र लागते.

मूलबाळ नव्हतं. काका गेले तेही घरी, झोपेत. त्यानंतर दर पितृपक्षात मुंबईहून पुतण्या यायचा, म्हाळ घालायचा, परत जायचा. त्या वर्षी त्याने फोन केला. सुट्टी नाही. तो तिकडेच, एका सभागृहात सामुदायिक श्राद्ध होतं, तिथे काकांचं नाव देणार होता.

मावशीने फोन ठेवला. मग म्हणाली, ‘मुंबैत? तेनी मुंबैत कधी एक रात काढूक नाय. थंय जावन ते काय करतले? तेंची उतरूची जागा ही.’

पितर येतात यावर माझा विश्वास नाही. पण ‘उतरायची जागा’ हे मला कळलं.

मावशीला एवढंच हवं होतं. आपल्या माणसाला आपल्या घरी, आपल्या हाताने जेवायला घालायचं. ती शेजारी दिराकडे विचारायला गेली. दीर म्हणजे आबा, त्या पुतण्याचे वडील. मध्ये कुडाचं कुंपण, पलीकडेच घर. आबा कुळाचे वडीलधारे. पण गुडघ्यांमुळे त्यांना पाटावर बसता येत नाही, आणि मुलगा येणार नाही म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मी कुडाजवळ उभी राहून सगळं ऐकत होते. माझ्या पायाशी आबांचा तांबडा कुत्रा लाल्या, तोही ऐकत होता.

‘मी घालतंय,’ मावशी म्हणाली. ‘भटजींका सांगतंय, मी बसतंय.’

‘बायलमाणसान म्हाळ घालूची पद्धत नाय आमच्यात.’

‘खंय लिवलेली आसा?’

‘लिवलेली कित्याक होयी? पद्धत ती पद्धत.’

मला जे शिकवलं होतं ते लिहिलेल्याशी भांडायला. पान दाखवायचं, ओळ दाखवायची, विचारायचं की ही ओळ तुम्हाला मान्य आहे का. आबांच्या पद्धतीची झेरॉक्स कशी काढायची?

मग मावशीने भटजींना गाठलं. या पंधरवड्यात भटजींना गाठणं म्हणजे चालत्या स्कूटरला गाठणं. साऱ्या पंचक्रोशीचे पितर आणि भटजी एकटे. हेल्मेट न काढताच त्यांनी ऐकून घेतलं. माणूस भला. म्हणाले, ‘वैनी, मुलगो नसात तर बायल घालता, असा पोथीत आसा. मी नाय कित्याक म्हणू? पण पोथीत चालता, गावात चालना नाय. आणि माका पोथी जेवक घालना नाय, गाव घालता.’ आणि गेले.

मी पेटले. तिथल्या तिथे मी मावशीला सांगितलं की हा विषय आपण उचलू. माझी माणसं बोलावते, तू पाटावर बस, आम्ही बाजूला उभे राहतो, फोटो काढू, पत्रक काढू, आबांना काय करायचं ते करू देत.

मावशी नारळ सोलत होती. तिने मान वर केली नाही.

‘माका माजो घोव पत्रकात नको गो. माका तेंका जेवक घालूचा आसा.’

त्यानंतरच्या दुपारी आम्ही पडवीत बसायचो. बाहेर हस्ताचा पाऊस गडगडून येई आणि न पडताच समुद्राकडे निघून जाई. मी झेरॉक्समधले नियम वाचायची, मावशी काहीतरी निवडत ऐकायची. मला हवं होतं की तिला राग यावा. तिला हसू यायचं.

श्राद्धाच्या पंगतीला कुणाला बसवू नये, याची एक यादी आहे. ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस देवगडात येऊन गेला असला पाहिजे. समुद्रप्रवास केलेला चालत नाही. पैसे घेऊन झाडं लावणारा चालत नाही. वैद्य चालत नाही. देवळाचा पुजारी चालत नाही. घरं बांधून देणारा, ज्योतिष सांगून पोट भरणारा, कुत्री पाळून शिकवणारा, बापाशी भांडणारा. नखं वाईट असलेला. दात काळे असलेला.

‘ऱ्हव,’ मावशी म्हणाली. ‘दर्यार गेलेलो नको. झाडां लावणारो नको. म्हणजे बोटयेवालो गेलो आणि आंबेवालो गेलो. मगे देवगडात उरलो कोण?’

‘डॉक्टर पण गेलो.’

‘आणि काळे दात? पान खाणारे सगळे गेले. आबा गेलो.’ हे बोलताना तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. ‘मगे वडे कोण खातलो?’

खरंच कोण खाणार होतं? हापूसच्या कलमांवर जगणारा आणि समुद्रावर पोट भरणारा हा सगळा किनारा त्या यादीने पंगतीतून उठवला होता, आणि किनाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. पिढ्यान् पिढ्या ही माणसं वड्यांवर ताव मारत आली. भटजींना मावशीने नंतर रस्त्यात एकदा थांबवून विचारलं होतं, की देवळाची पूजा करणारा चालत नाही म्हणे, मग तुमचं कसं? भटजी म्हणाले, ‘माका म्हायत आसा, वैनी. म्हणान तर मी पंगतीक बसनंय नाय. डबो घेवन जातंय.’

कशाने पितर किती काळ तृप्त होतात, याचाही एक तक्ता सापडला. तिळाने, तांदळाने एक महिना. माशाने दोन महिने. मग हरीण, मेंढा, रानडुक्कर असं करत करत काळ वाढत जातो, आणि गेंडा घातला तर अनंत काळ.

‘गेंडो?’ मावशी म्हणाली. ‘हंय पावसात बांगडो गावना नाय, गेंडो खंयसून हाडू?’ मग तिच्या डोक्यात दुसरंच काही आलं. ‘माशान दोनच म्हयने? सुरमयेन पण दोनच?’

‘सुरमयेचा वेगळा लिवक नाय.’

‘मगे लिवणारो घाटावरचो आसतलो,’ ती म्हणाली, आणि त्या ग्रंथकाराचा विषय तिच्यापुरता मिटला.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. जेवणाऱ्यांवर कुणाची नजर पडू नये, ते एका ओळीत लिहिलं आहे. डुक्कर, कोंबडा, कुत्रा, विटाळशी बाई. त्याच ओळीत, त्याच क्रमात नसेल, पण त्याच दमात. जिने भल्या पहाटे उठून डाळ वाटली, पीठ मळलं, वडे थापले, तिने महिन्याच्या चार दिवसांत त्या वड्यांकडे नुसतं बघितलं तरी ते बाद. हे वाचताना माझा आवाज चढला. मावशी हसली नाही, रागावलीही नाही. तिने सुपातले तांदूळ पाखडले आणि म्हणाली, ‘आमी ता ऐकलेला. लिवलेला आसा ह्या म्हायत नव्हता.’ ती ओळ मी पत्रकात सगळ्यात वर घातली. आजही तिथेच ठेवीन. ज्याने ती लिहिली त्याचं मला नाव माहीत नाही, आणि त्याला कुठलंही कौतुक द्यायची माझी तयारी नाही.

पण कौतुक करावं असं त्या गठ्ठ्यात होतं, आणि ते भलतीकडेच निघालं.

एका दुपारी मी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं. श्राद्धाला काय काय लागतं याची मोठी जंत्री झाल्यावर ग्रंथकार एकदम खाली उतरायला लागतो. पंगतीला ब्राह्मण न मिळाल्यास दर्भाची गाठ मारून तीच पाटावर बसवावी. शिजवलेलं अन्न न जमल्यास कोरडा शिधा द्यावा. तेही न जमल्यास मूठभर तीळ द्यावेत. तीळ नसल्यास पाणी. नाहीतर गाईला गवताची पेंढी घालावी. प्रत्येक पायरीवर एकच शब्द, ‘अभावी’. याच्या अभावी ते, त्याच्या अभावी हे.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. निधीअभावी काम बंद. डॉक्टरअभावी दवाखाना बंद. पुराव्याअभावी सुटका. आपल्या काळात ‘अभावी’ दिसलं की समजायचं, पुढे कुलूप आहे. त्या जुन्या पानावर प्रत्येक ‘अभावी’नंतर एक दार उघडत होतं. मी ते वाचत होते खरं, पण मनात पत्रकातला टोमणा जुळवत होते. दर्भाची गाठ जेवायला बसते, असं काहीतरी.

आणि मग शेवटची पायरी आली. सगळ्याच्याच अभावी माणसाने रानात जावं, दोन्ही हात उभारून सूर्याला आणि दिशांना आपल्या काखा दाखवाव्यात, आणि मोठ्याने सांगावं की माझ्याजवळ काही नाही, माझ्या भक्तीनेच पितरांनी तृप्त व्हावं.

मी पुन्हा बघितलं. काखाच लिहिलं होतं.

आम्ही दोघी अशा हसलो की कुडापलीकडे लाल्या भुंकायला लागला. मराठीत देणेकऱ्याला शिव्या द्यायला जे म्हणतात, ते पोथीत विधी म्हणून सांगितलेलं. खुशाल काखा वर करा, पितर समजून घेतील. मला पत्रकाचं शीर्षक सापडलं होतं. ‘धर्मानेच काखा वर केल्या.’ मी ते लिहूनही घेतलं. मावशीने पदराने डोळे पुसले, अजून हसतच, आणि मग तिचं हसू कुठेतरी थांबलं.

‘परत वाच गो.’

मी परत वाचलं.

‘हेच्यात भटजी खंय आसा?’

‘नाय.’

‘पुतणो?’

‘नाय.’

‘बायल का पुरुस, लिवला हा?’

मी ओळ बोटाने तपासली. माझं बोट जरा हळू चाललं असेल. ‘माणूस म्हटलेला आसा. कोण ता सांगूक नाय.’

‘बरा,’ मावशी म्हणाली आणि उठून आत गेली. जरा वेळाने बाहेर आली ती सुईदोरा घेऊन. तिच्या हातात तिचा ठेवणीतला, जांभळा ब्लाउज होता. काखेत उसवलेला.

‘सूर्यनारायणाक दाखवूचा आसा तर नीट दिसाक होया,’ ती म्हणाली आणि टाके घालायला बसली.

सर्वपित्री अमावास्येला, पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, तिने सगळा स्वयंपाक केला. वाटाणे आदल्या रात्री भिजले होते, नेहमीसारखे. पोथीतला आणखी एक नियम मी तिला मध्ये कधीतरी वाचून दाखवला होता, तो मी विसरले होते, ती नव्हती विसरली. श्राद्धाचं अन्न करताना, वाढताना डोळ्यांतून पाणी काढलं तर ते अन्न भुतांना जातं, रागावलं तर शत्रूंना जातं, खोटं बोललं तर कुत्र्यांना जातं. एरवी मी यावर हसले असते. त्या सकाळी चुलीसमोर धुरात बसून एक बाई डोळ्यांना पाणी येऊ देत नव्हती, आणि ते बघण्यासारखं होतं. काकांना आवडायचे तसे जाड वडे थापताना तिचा हात एकदा थांबला. मी तिच्याकडे बघितलं.

‘रडनंय नाय,’ ती म्हणाली. ‘मी रांधलेला भुतां कित्याक खातली?’

‘रागाव तरी. आबांनी केलं ते काय बरोबर केलं?’

‘रागावलंय तर दुश्मनाक जाता म्हणलंस मां तू? म्हणजे आबाक. तेका फुकट कित्याक घालू?’ आणि तिने वडा तेलात सोडला.

मी इतके दिवस ते नियम माणसांना बांधायच्या दोऱ्या म्हणून वाचत होते. बहुतेक आहेतच. पण तिने तीन दोऱ्या उचलल्या आणि त्यांचा स्वतःसाठी एक पाळणा केला. रडायचं नाही, चिडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, असं एक सकाळभर जमवायचं. एकट्या पडलेल्या विधवेला कुणी याहून शहाणं काही सांगितलं असतं का, मला माहीत नाही. निदान नातेवाइकांनी सांगितलं नव्हतं. ते सगळे, धीर धर, असं सांगून आपापल्या घरी गेले होते.

दुपार चढल्यावर तिने केळीच्या पानावर सगळं थोडं थोडं वाढलं. आमच्याकडे याला वाडी म्हणतात. वाडी मागच्या दगडी कुंपणाच्या गडग्यावर ठेवली, कावळ्यासाठी. शिकेकाईने न्हाऊन, तो जांभळा ब्लाउज घालून ती निघाली, आणि मी तिच्या मागे. घरामागून सड्यावर जायची पायवाट आहे. दोन्हीकडे गुडघ्याएवढा तेरडा. वर पोचलं की झाडं संपतात, कातळ आणि आभाळ उरतं, आणि पश्चिमेला समुद्र.

‘दक्षिणेक तोंड करूचा असता,’ मी म्हटलं. मला ते वाचून पाठ झालं होतं.

‘ते दक्षिणेसून कित्याक येतले? तेंचो दर्या ह्या बाजूक.’ ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

‘आता काय म्हणूचा?’

मी कागद उघडला. ‘म्हणायचं, माझ्याकडे काही नाही. धन नाही, अन्न नाही.’

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला चोरी करायला सांगत होते. ‘सकाळधरून रांधतंय मी. आणि अन्न नाय म्हणून सांगू? खोटा बोललंय तर कुत्र्यांका जाता.’

याच्यावर पोथीत उत्तर नव्हतं. मी कागदाची घडी घातली. खाली बंदराकडे एक ट्रॉलर वळत होता. वाऱ्याने तिचा पदर सरळ मागे जात होता. मग तिने तो कमरेला खोचला, दोन्ही हात वर केले, पुरते वर, काखेतले नवे टाके दिसतील इतके, आणि समुद्राला सांगितलं. मोठ्याने, पण बंदरावरून कुणाला हाक मारावी तेवढंच.

‘माज्याकडे सगळा आसा. वडे आसत. वाटाणे आसत. खीर आसा. भटजी नाय, पुतणो नाय, परवानगी नाय. तुमी येवा.’

हात खाली घ्यायला तिने बराच वेळ लावला.

तो नियम लिहिणाऱ्याचा मी तेव्हापासून विचार करते. त्याने कुणाला बसवू नये याची एवढी लांब यादी केली, आणि पंगतीत जवळजवळ कुणी उरणार नाही असं पाहिलं. मग कधीतरी, कदाचित कुणी रिकाम्या हाताचा माणूस त्याच्याच दारात येऊन ‘आणि माझं काय?’ म्हणाला असेल, त्याने पुन्हा बोरू उचलला, आणि एक अशी जागा लिहिली जिथून कुणालाच उठवता येत नाही. तिथे पाट नाही, पंगत नाही, भटजी नाही. हात असले की झालं. हा तोच माणूस की दुसरा, मला ठाऊक नाही. एका ग्रंथात अनेक हात असतात म्हणतात. मला हा दुसरा वाटतो. भेटला असता तर मी त्याला आमच्या गटात घेतला असता. पत्रकाच्या शेवटी काय लिहायचं ते त्याला कळत होतं.

पत्रक मी काढलं. समुद्रावर जाणारा, झाडं लावणारा, काळ्या दातांचा, सगळे छापले. बायकांची ती ओळ सगळ्यात वर, ठळक. लोक हसले, काही भडकले, दोघा-तिघांनी ते माझ्या वडिलांना नेऊन दाखवलं. शेवटी काखांचा नियम होता. त्याच्यावर मी टोमणा लिहिला नाही. खाली ‘विचार करा’ एवढंच होतं, आणि त्या एका ठिकाणी मला ते खरंच म्हणायचं होतं.

मावशी दर वर्षी सड्यावर जाते. पुतण्याला यंदा सुट्टी होती, त्याने विचारलंही. ती म्हणाली, ‘ये, जेवक ये.’ म्हाळ घाल असं म्हणाली नाही. आबांनी पद्धतीचा विषय पुन्हा काढलेला नाही. सड्यावर बाईने हात वर करायचे नाहीत अशी पद्धत अजून त्यांना आठवलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या दुपारचं. आम्ही सड्यावरून खाली आलो तेव्हा गडग्यावरचं पान रिकामं होतं. पुसून घेतल्यासारखं. खिरीचा थेंब नाही. आभाळात एकही कावळा नव्हता; पंधरवडाभर खाऊन ते कुठेतरी पडून असणार. गडग्याच्या पलीकडे आबांच्या अंगणात लाल्या ऊन खात पसरला होता. मी पानाकडे बघितलं, लाल्याकडे बघितलं. त्याच्या मिशीला काहीतरी पांढरं लागल्यासारखं मला वाटलं. मी विवेकवादी आहे, मला पुराव्यावर बोलायची सवय आहे. मी तोंड उघडलं.

मावशीने रिकामं पान उचललं, दुमडलं, आणि लाल्याकडे न बघताच म्हणाली,

‘कुत्रो नाय गो. मी खोटा काय बोलाक नाय.’

आणि आम्ही जेवायला बसलो.